वाचायच्या होत्या फक्त पावत्या

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील घाटकोपरच्या एका लहान छापखान्यात मशीनवर होते. छपाईत वाकडे गेलेले, शाई फुटलेले कागद ते घरी आणायचे आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहायचे. छापलेल्या बाजूवर वाचायला शिकले. पाणी येत नाही म्हणून मोर्चा, भाडेवाढीविरुद्ध सभा, कांजूरच्या कचऱ्याच्या वासाविरुद्ध सह्यांची मोहीम. चौथीत ‘माझी आई’ या निबंधाची सुरुवात मी ‘बंधू आणि भगिनींनो’ अशी केली होती. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला आणि सगळे हसले. वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, “हसू दे. शेवटी ‘आपली नम्र’ लिहिलंस ना?”

सांगायचं एवढंच, की बोलायची मला कधी भीती वाटली नाही. बोलणं हे माझ्या घरातलं एकमेव साधन होतं. कॉलेजात फीवाढीविरुद्ध मीच बोलायचे, सोसायटीच्या बिल्डरसमोर मीच उभी राहायचे. अशी मी सव्विसाव्या वर्षी विद्यापीठाच्या परदेशी भाषा विभागातल्या एका बाकावर बसले होते, आणि ‘पंखा जरा हळू करा’ एवढंही मला सांगता येत नव्हतं.

वर्गाचा नियम तसा होता. दार बंद झालं की फक्त इटालियन. येत नसेल तर गप्प बसा. मॅडम बारीक अंगाच्या, तासिकेवर काम करणाऱ्या, कॉटनच्या साड्या नेसणाऱ्या. मराठी त्यांना माझ्याइतकंच येत होतं, पण दाराच्या आत एक शब्द काढायच्या नाहीत. पाणी प्यायला जायचं तरी हात वर करून इटालियनमध्ये विचारायचं. पहिल्या दिवशी मी विचारू शकले नाही. सगळा तास तहानलेली बसून राहिले.

हौस म्हणून आले नव्हते. हौशी लोक होते वर्गात: ऑपेरा ऐकणारा एक निवृत्त गृहस्थ, डिझाइन शिकायला मिलानला जाणारी बोरिवलीची दोन मुलं. ती शब्द विसरली की हसायची. मला हसू यायचं नाही. माझी नोकरी त्या वर्गावर टांगलेली होती.

अंधेरीला औद्योगिक वसाहतीतल्या एका ऑफिसात मी मराठी डेस्कवर होते. खरेदीच्या अॅपवर मिक्सर, चादरी, मुलांची दप्तरं अशा वस्तूंची वर्णनं मराठीत लिहायची, हे आमचं काम. मग कंपनीने यंत्र आणलं. यंत्राने झाडूला ‘मजला स्वच्छता साधन’ म्हटलं. आम्ही ते दाखवून हसलो. कंपनी हसली नाही. झाडू तरीही विकला जात होता.

एका सकाळी एचआरच्या मुलीने आम्हाला काचेच्या खोलीत बसवलं. मराठी डेस्क बंद होणार. पण इटालियन डेस्क नवीन सुरू होतोय, इटलीतल्या हॉटेलांची बिलं आणि पावत्या वाचून योग्य रकान्यात टाकायच्या. कोणाशी बोलायचं नाही, फोन नाही, काही नाही. फक्त वाचायचं. विद्यापीठाची पहिली पातळी जे पास होतील त्यांना तिथे घेऊ.

“आम्ही मराठीसाठी आलो होतो,” मी म्हणाले.

“हो ना,” ती म्हणाली. “म्हणून तर तुम्हाला लँग्वेज लोक म्हणतात. लँग्वेज लोकांना दुसरी लँग्वेज सोपी जाते.”

बहुतेकांनी दुसरीकडे अर्ज टाकले. वर्गात नाव घातलं आम्ही दोघींनीच. मी, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी मुलुंडची ताई.

ताई चाळिशीच्या पुढची. जुन्या मुलुंडकरांपैकी, वडील बँकेत, काका वकील, घरात स्वच्छ मराठी. माझ्या बोलण्यातलं ‘यार’ आणि ‘झकास’ ती अंगावर पडलेल्या पाण्यासारखं झटकायची. नवऱ्याचा धंदा बसला होता, मुलगा बारावीला होता, आणि या नोकरीनंतर आपल्याला या वयात कोण घेणार हे ती शांतपणे, जेवताना वगैरे, म्हणायची. माझ्या वडिलांचा छापखाना बंद होऊन वर्ष झालं होतं. वडील दिवसभर वर्तमानपत्र वाचायचे, जाहिरातींसकट. माझ्या पगारावर घर होतं. दोघींची गरज सारखीच होती. फरक एवढाच, की मी माझी गरज मोठ्याने सांगायचे आणि ती सांगायची नाही.

ती घाटकोपरला उतरायची, तिथून आम्ही मेट्रोने एकत्र अंधेरीला जायचो आणि वाटेत धडे म्हणायचो. शनिवार-रविवार दुपारी कुर्ल्याहून बसने विद्यापीठात. इटालियन तिच्या डोक्यात अशी बसायची, जशी घडी घातलेली चादर कपाटात बसते. एकदा पाहिलेला शब्द ती विसरायची नाही. वर्गातल्या लेखी चाचण्यांत मॅडम तिचा पेपर वर धरून दाखवायच्या. पण तोंड उघडायची वेळ आली की ती संपायची. ओठ हलायचे, गळ्याजवळ लाल व्हायचं, आवाज यायचा नाही.

“मला येतंय गं,” बाहेर आल्यावर ती म्हणायची. “आत सगळं तयार असतं. समोरचा माझ्याकडे बघायला लागला की जातं.”

“बघू दे ना. तो काय खाणारे?”

“तू सभांमध्ये वाढलीस. आमच्या घरी पाहुण्यांसमोर बोलणाऱ्या मुलीला आत पाठवायचे.”

माझं उलटं होतं. मी चुकत चुकत बोलायचे, पण बोलायला शब्दच कुठे होते? पुस्तकातल्या कुटुंबाला बाग होती, समुद्राकाठी आजोबा होते, एक करडं मांजर होतं. मॅडम विचारायच्या, तुला काय आवडतं? मला सांगायचं असायचं, की कंत्राटावर माणसं राबवणं मला आवडत नाही, की तुम्हालाही तासावर पैसे देतात हे मला माहीत आहे आणि त्याचा मला राग आहे. माझ्याकडे शब्द होते: पास्ता, मांजर, उन्हाळा. मी म्हणायचे, मला मांजर आवडतं. मॅडम म्हणायच्या, ब्राव्हा, शाब्बास. मला मांजरं आवडत नाहीत. घरी जाताना असं वाटायचं की कोणीतरी माझी जीभ काढून त्या जागी चमचा बसवलाय.

‘माझं घर’ लिहून आणायला सांगितलं तेव्हा तर मी रडकुंडीला आले. पत्रकात आमच्या खोलीला ‘कष्टकऱ्यांची हक्काची घरं’ म्हणतात, वडिलांना ‘श्रमिक बांधव’. हे इटालियनमध्ये नेता येत नव्हतं. जे येत होतं ते लिहिलं. माझं घर लहान आहे. एक खिडकी आहे. माझे वडील काम करत नाहीत. माझे वडील वाचतात. मॅडमनी चारही वाक्यांवर बरोबरची खूण केली. मी तो कागद वडिलांना दाखवला नाही. त्यांनी विचारलं, काय लिहिलंस, तर म्हटलं, मांजराबद्दल.

लेखी परीक्षेत दोघी पास झालो. ताई वर्गात पहिली. आता तोंडी राहिली होती.

तोंडी परीक्षा जोडीने घ्यायची पद्धत होती. दोघांनी चिठ्ठी उचलायची, तिच्यात जो प्रसंग असेल तो समोर बसून बोलायचा. आम्ही अर्थातच एकमेकींचं नाव दिलं. मॅडमनी मला व्हरांड्यात थांबवलं आणि इटालियनमध्ये, अगदी हळू, प्रत्येक शब्द सुटा करून विचारलं: नक्की हिच्याबरोबर? मी म्हणाले, नक्की. आठवडाभर मेट्रोत आम्ही सगळे प्रसंग बोलून पाहिले. दुकानात, स्टेशनवर, डॉक्टरकडे. खिडकीबाहेर बघत ताई नीट बोलायची. मी वळून तिच्याकडे पाहिलं की अडखळायची. मग मीही खिडकीबाहेर बघायला शिकले. दोघी काचेशी बोलायचो आणि उभी असलेली माणसं आमच्याकडे बघायची.

परीक्षक पाहुणे होते, इटलीहून आलेले पांढऱ्या केसांचे गृहस्थ. उठून उभे राहिले, नमस्कार केला, खुर्च्या दाखवल्या. त्या खोलीत खुर्च्या समोरासमोर होत्या. खिडकी पाठीमागे होती.

चिठ्ठी मी उचलली. नव्या घरात राहायला आलात, शेजारणीला इमारतीबद्दल विचारा. सोपी होती. मी विचारलं, इथे पाणी किती वाजता येतं? परीक्षक हसले, त्यांच्याकडे पाण्याला वेळ नसते. ताईने उत्तर द्यायचं होतं. तिचे ओठ हलले.

मी पुन्हा विचारलं. मग सोपं विचारलं: तुमचं नाव काय? गळा लाल झाला होता. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली घेतली.

परीक्षकांनी दयाळूपणेच केलं. हात हलवून ताईला म्हणाले, काही हरकत नाही, सिन्योरा, आपण बसा. मग माझ्याकडे वळून, तुम्ही पुढे चला, एकट्या. तुमच्या घराबद्दल सांगा.

आता हे समजायला आमच्या घरात ऐकवली जाणारी एक गोष्ट माहीत असायला हवी. आजोबा कोकणातून येऊन गिरणीत लागले होते. संप लांबला, आणि मग एके दिवशी दार थोडंसं उघडलं. आतून एकेकाचं नाव पुकारायला लागले: तू ये, तू ये. आजोबांचं नाव पुकारलं. ते गेले नाहीत. सगळ्यांना घ्या, नाहीतर मला नको. मग आयुष्यभर मिळेल ते काम केलं, वखारीत हमाली, लग्नात वाढपी. या गोष्टीत आमच्या घरी कोणी कधी रडत नाही. ती अभिमानाने सांगायची गोष्ट आहे. तिच्यावर मी वाढले.

‘तुम्ही पुढे चला, एकट्या’ हे शब्द मला नीट कळले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच इटालियनमधलं एखादं वाक्य मला मराठीतून जावं न लागता कळलं.

मी म्हणाले, “नो. इन्सिएमे.” नाही. एकत्र.

परीक्षकांना वाटलं मी प्रसंगातलंच काही बोलतेय. त्यांनी हसून मान हलवली, पुढे बोला म्हणाले. मी बोलले नाही. घड्याळाचा काटा फिरत होता. मॅडम आधी इटालियनमध्ये म्हणाल्या, बोल, कृपया बोल. मी हाताची घडी घातली. मग त्या टेबलावरून पुढे वाकल्या आणि त्या खोलीत, दार बंद असताना, मराठीत म्हणाल्या, “अगं बोल ना गं. तुला येतंय.”

मी बोलले नाही. वेळ संपली.

बाहेर व्हरांड्यात मला वाटलं ताई माझा हात धरेल. तिने पर्समधून रुमाल काढून गळा पुसला.

“तू का गप्प बसलीस?”

“तुला एकटीला टाकून बोलू?”

“मी तुला सांगितलं होतं का, थांब म्हणून?”

“सांगायला कशाला पाहिजे? दोघींना घ्यायला लावू आपण. लेखीत पहिली आलीयस तू. नोकरी वाचायची आहे, बोलायची नाही. हा अन्याय आहे, ताई. मी लिहिते निवेदन, आपण सह्या...”

“कोणाच्या सह्या? तुझी आणि माझी?” ती कधी आवाज चढवायची नाही, आताही चढवला नाही. “हा काय तुझ्या आजोबांच्या गिरणीचा दरवाजा होता का? आणि मालक कोण होता तिथे? तो म्हातारा? पंख्याखाली बसून तुला घराबद्दल विचारत होता तो.”



“एकीची वाट लागली असती,” ताई म्हणाली. ‘वाट लागली’ हा शब्द मी तिच्या तोंडून तेव्हाच ऐकला. “आता दोघींची लागली. आणि तुझी माझ्यामुळे लागली हे मी घेऊन फिरायचं. तुला मोठं वाटलं असेल. मला विचारलंस का, मला ते झेपेल का?”

कुर्ल्याच्या बसमध्ये ती माझ्या पुढच्या सीटवर बसली. शेजारची जागा रिकामी होती.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. पाहुणे उद्या सकाळपर्यंत आहेत, ज्यांचं अपूर्ण राहिलं त्यांना पुन्हा बोलावलंय. जोडीने नाही, एकेकटं. “तिलाही कळवलंय,” त्या म्हणाल्या. “ती येणार नाही म्हणाली. तू ये. मी विनंती करून वेळ मागून घेतलीय, मला तोंडघशी पाडू नकोस.”

मी ताईला फोन लावला.

“नाही गं,” ती म्हणाली. “उद्याही नाही निघणार तोंडातून. आज त्यांच्यासमोर जे झालं ते पुन्हा नको. तू जा.”

“तू नाही तर मी पण...”

“ऐक. परत तेच करशील तर मी तुझ्याशी बोलणार नाही. खरंच सांगते. मला तुझं ओझं नको.”

फोन येण्याआधीच घरी मी सगळं सांगितलं होतं. सांगताना वडील वर्तमानपत्र बाजूला ठेवून ऐकत होते, आणि मी ‘इन्सिएमे’पर्यंत आले तेव्हा ते ताठ बसले. छापखाना बंद झाल्यापासून मी त्यांना तसं बसलेलं पाहिलं नव्हतं. “बरोबर केलंस,” ते म्हणाले. “शंभर टक्के बरोबर.” मग आईला, “ऐकलंस का? नात कोणाची आहे.”

आई पोळ्या लाटत होती. “ऐकलं,” ती म्हणाली. “मग उद्यापासून डबा भरायचा की नाही, ते सांगा दोघांनी ठरवून.”

वडील हसले. मीही हसले. फोनचं मी दोघांनाही सांगितलं नाही.

सकाळी ऑफिसच्याच वेळेला निघाले. आईने डबा दिला, कुठे म्हणून विचारलं नाही. वडील म्हणाले, “आज ऑफिसात सगळ्यांना सांग काय झालं ते. लोकांना कळू दे.” मी हो म्हणाले.

परीक्षेच्या खोलीत या वेळी टेबलासमोर एकच खुर्ची ठेवली होती. परीक्षक पुन्हा उठून उभे राहिले. मॅडम माझ्याकडे पाहत नव्हत्या. घराबद्दल सांगा, परीक्षक म्हणाले, आणि मी सांगितलं. ला मिआ काझा ए पिक्कोला. माझं घर लहान आहे. एक खिडकी आहे. आई स्वयंपाक करते. माझे वडील काम करत नाहीत, माझे वडील वाचतात. पाणी सकाळी येतं. सगळी वाक्यं बरोबर आली, एकही चूक नाही. माझा आवाज मला लांबून ऐकू येत होता, एखाद्या दुकानाबाहेर लावलेल्या टेपसारखा.

मग त्यांनी, सहज, सवयीने विचारावं तसं विचारलं: आणि तुमची मैत्रीण? ती कुठे आहे?

“नोन चे,” मी म्हणाले. नाही ती.

कुठे आहे ती?

“घरी आहे,” मी म्हणाले.

मोल्तो बेने, ते म्हणाले आणि कागदावर खूण केली. फार छान. मी पास झाले.

यावर लोक मला दोन प्रकारे समजावतात. काही म्हणतात, पहिल्या दिवशी वेडेपणा केलास, दुसऱ्या दिवशी शहाणी झालीस. काही म्हणतात, पहिल्या दिवशी ताठ होतीस, दुसऱ्या दिवशी मोडलीस. मला दोन्ही मान्य नाही. मी अजूनही म्हणते की पावत्या वाचण्याच्या कामासाठी तोंडी परीक्षा लावणं चूक होतं. ज्याने ती अट घातली त्याने एकदाही विचार केला नाही की इथे न बोलता काम करायचंय. एचआरच्या मुलीकडे मी हे घेऊन गेले. ताईचे लेखीचे गुण दाखवले, मराठी डेस्कवरच्या दहा वर्षांच्या तिच्या कामाबद्दल बोलले. ती सहानुभूतीने ऐकत होती. “पॉलिसी आहे ना,” म्हणाली. “आणि त्या स्वतः तर काहीच म्हणत नाहीत.” मी निवेदन लिहिलं. सगळ्या मजल्यावर फिरवलं. लोकांनी वाचलं, छान लिहिलंय म्हणाले, आणि परत दिलं. ताईनेही वाचलं. तिने दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केलं आणि सही न करता माझ्या टेबलावर ठेवलं.

वडिलांना मी पास झाल्याचं पगाराच्या दिवशी सांगितलं. ते म्हणाले, “बरं झालं,” आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. त्यांनी मला काही ऐकवलं असतं तर मी भांडले असते. भांडायला त्यांनी मला जागा दिली नाही.

इटालियन डेस्क हॉलच्या दुसऱ्या टोकाला मांडला होता. महिनाअखेरीपर्यंत ताईची खुर्ची जुन्या जागी होती. ती यंत्राने लिहिलेलं मराठी तपासून देत होती, शेवटचं काम म्हणून. सकाळी मेट्रोत आम्ही अजून एकत्र यायचो, पण धडे नव्हते. ती मुलाच्या परीक्षेबद्दल बोलायची, मी हो हो करायचे.

तिच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी माझ्यासमोर एका हॉटेलची पावती आली, लहान गावातली असावी, हाताने लिहिलेली आणि मग स्कॅन केलेली. एक लांबलचक शब्द होता. मला तो वाचताही येत नव्हता. शेजारच्या नव्या मुलांनाही येत नव्हता. यंत्राने त्याला लाल केलं होतं आणि पुढे जाऊ देत नव्हतं. मी कपाळ धरून बसले.

ताई पर्स खांद्याला लावून सगळ्यांचा निरोप घेत येत होती. माझ्या खुर्चीमागे थांबली.

“काय अडलं?”

मी पडद्यावर बोट ठेवलं.

ती वाकली. चष्मा वर केला. “पेर्नोत्तामेन्तो,” म्हणाली. स्पष्ट, गोल, एकही अक्षर न अडखळता, मॅडम म्हणायच्या तसं. “रात्रीचा मुक्काम. खोलीच्या रकान्यात टाक.”

मी वळून तिच्याकडे पाहिलं नाही. पडद्याकडेच बघत राहिले, तिचा आवाज जाऊ नये म्हणून.

“आणि खालचा?” मी विचारलं. खालचा मला येत होता.

“कोलात्सिओने कॉम्प्रेसा. नाश्ता त्यातच.” मग तिने पर्सचा पट्टा सारखा केला. “चल, निघते. उशीर नको, मुलुंडला स्वयंपाक मी गेल्यावरच सुरू होतो.”

मी रकाना भरला. लाल खूण गेली. पुढची पावती आपोआप समोर आली.